किल्ली वाढली

फोनवर मी फार घाई करते, अशी घरच्यांची तक्रार आहे. समोरच्याचं वाक्य निम्मं झालं की उरलेलं मला कळलेलं असतं आणि मी उत्तर देऊन मोकळी होते. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं, त्यामुळे खोड मोडायचं काही कारण पडत नाही. एकदा मात्र ते इतकं चुकलं की त्यापायी आईचे तीन गुरुवार गेले.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत, वायरिंग तयार करणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. राहायला कारेगावात. आईवडील कवठे येमाईला, मळ्यातल्या घरात. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्याकडे एक छोटी पांढरी गाडी आहे आणि घेतली तेव्हा तिच्यासोबत दोन किल्ल्या आल्या, बटण दाबलं की दारं खाडकन उघडणाऱ्या. एक आबांच्या बंडीच्या खिशात असायची. दुसरी कपाटात, आईच्या जरीच्या लुगड्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडून होती.

ती पिशवी मी फाडली. आई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती आणि रविवारच्या रविवार शाळेच्या मैदानावर मी तिला गाडी शिकवत होते. आबा मैदानाच्या कडेला निंबाखाली पाठ करून बसायचे. बघायचं नव्हतं तर यायचं कशाला, पण यायचे. आई मन लावून शिकली. लायसन आलं त्या दिवशी मी कपाटातली किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. तिनं ती कमरेच्या पिशवीत सुपारीच्या शेजारी ठेवली आणि पुन्हा कधी कपाटात जाऊ दिली नाही.

आईला गाडी हवी होती ती दौंडसाठी. तिची मोठी बहीण, माझी मावशी, दौंडला असते. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेलेली आहे. सून सगळं नीट करते, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण मावशीचे केस अजून कमरेपर्यंत आहेत आणि वेणी तिला आईच्याच हातची लागते. एसटीनं जायचं म्हणजे आधी शिरूर, मग न्हावरं, पुढं मिळेल ते. जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडायचा आणि मावशीजवळ बसायला मिळायचं तासभर. गाडी आली आणि आईचा गुरुवार ठरून गेला. सकाळची भाकरी झाली की ती पायरीवर चपला घालायची, घरात बघून "येते हो" म्हणायची आणि निघायची. आबा पेपरातून डोकं न काढता "हं" म्हणायचे. चाळीस वर्षांच्या संसारात आईनं त्यांना "अहो" म्हटलं, त्यांनी तिला "अगं" म्हटलं, आणि निरोपाला "हं" पुरलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी कारखान्यात लाईनवर होते, एका कानात मशीनचा आवाज.

"काल किल्ली वाढली गं," आई म्हणाली.

मी गेलं वर्षभर आबांच्या मागे लागले होते की तिसरी किल्ली करून घ्या, मला एक राहू द्या. घरी आले की प्रत्येक वेळी गाडीसाठी कुणाचा तरी खिसा शोधावा लागायचा.

"अगं वा! बरं झालं!" मी ओरडले. "कधीचं व्हायला हवं होतं हे."

आईनं विचारलं, "बरं झालं म्हणतीस?"

"मग काय! आबांनी मनावर घेतलं म्हणायचं."

"त्यांच्याच हातनं झालं."

"वाटलंच मला. सांग त्यांना, मी खूश आहे म्हणून. ठेवते, लाईन सुरू झाली."

त्यानंतर आईचे फोन कमी झाले. दिवाळीची गडबड असेल, असं मी धरून चालले. मलाही ओव्हरटाइम होता.

दिवाळीला मी चांगली आठवड्याची रजा टाकून गेले. आई चुलीपुढे शंकरपाळ्या तळत होती. पिशव्या ठेवल्या, एक गरम शंकरपाळी तोंडात टाकली आणि हात पुढे केला. "आण माझी किल्ली."

"कसली?"

"वाढलेली."

आईनं झारा कढईच्या काठावर टेकवला. "ती घिऊन काय करतीस? तुकडं झाल्यात तिचं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळसुद्धा वाढवतात. सणाच्या दिवशी, पूजेतली वस्तू, आणि आई "फुटली" म्हणेल? जीभ झडेल तिची. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. पण मी दिवसाचे दहा तास अशा ठिकाणी काढते जिथे वाढणं म्हणजे वाढणंच असतं. टार्गेट वाढतं, रिजेक्शन वाढतं, क्वचित पगारही वाढतो.

झालं होतं ते असं. दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. आईनं तिची किल्ली चाकापुढच्या दगडाजवळ पानावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. आबांची किल्ली मागितली तर ते म्हणाले, माझी खिशातच राहू दे, खिशाची पूजा कर. मग त्यांनी नारळ उचलला, दगडावर हाणला, तो निसटला. दुसऱ्यांदा हाणला तो पानावर.

"तूच म्हणलीस की, बरं झालं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मला वाटलं, तुला बी पटत न्हाई माझं गाडी चालवनं. म्हणलं, लेकच आसं म्हणती, तर ऱ्हाऊ दे मग."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्याजवळ पाटावर बसले आणि काय ऐकलं होतं, काय समजले होते, सगळं सांगितलं. ती हसली, पण उशिरा आणि थोडीच.

"दौंडला गेली नाहीस का मग?"

"कशानं जानार? त्यांना म्हणलं दोनदा, दौंडला जायाचं हुतं. बघू म्हणले." तिनं कढईत पुढचा घाणा सोडला. "तिच्या क्यासांचा पार गुंता झालाय. सून म्हणती, दिवाळी झाली की कापून टाकू, सुटंना आता. तिचं तरी काय चुकतंय. पर अक्का रडली फोनवर."

मी तशीच उठून आबांकडे गेले. ते ओट्यावर पंपाचा स्टार्टर उघडून बसले होते.

"आबा, आईची किल्ली अजून का केली नाही?"

"शोरूमला गाडी न्यावी लागंल. बघू."

"मग तोवर तुमची द्यायची."

"मागितली का तिनं?"

"दौंडला जायचंय म्हणाली ना."

"दौंडला जायाचंय म्हणली. किल्ली द्या आसं कुठं म्हणली?"

हे बोलणं ऐकून मला असा संताप आला की स्टार्टरच्या स्क्रूची वाटी उचलून अंगणात भिरकवावी. आबांनी ते ओळखलं असावं. त्यांनी वाटी आपल्या बाजूला ओढून घेतली आणि खाली बघत म्हणाले, "उसाचं ट्रेलर सुरू झाल्यात. मागं दिवा न्हाई, लाल फडकं न्हाई. न्हावऱ्याच्या रस्त्याला मीच दोनदा घुसता घुसता वाचलोय. ही जाती तवा ही यीस्तवर माझं ध्यान कशात लागत न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते. तो रस्ता मलाही माहीत आहे. आणि मग मला हेही दिसलं की किल्ली फुटल्यानं आबांचं काम परस्पर झालं होतं. आईला नको म्हणायची त्यांची हिंमत नव्हती आणि आता म्हणावंच लागत नव्हतं. त्यात माझं "बरं झालं" त्यांना आयतं मिळालं. तीन गुरुवार ते बिनघोर पेपर वाचत बसले असणार.

"ती भीती तुमची आहे," मी म्हटलं. "ती घालवायला मावशीचे केस कशाला?"

ते वाटीतले स्क्रू मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरूरला, एसटी स्टँडजवळच्या चावीवाल्या चाचांकडे गेले. आमच्या घरच्या कुलपांच्या किल्ल्या तीन पिढ्या त्यांच्याच घराण्याकडे होतात. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला.

"पातं मी कापून दितो ताई, ती काय आवघड न्हाई. नवी बटणाची किल्ली बी हाय माझ्याकडं तुमच्या गाडीच्या मापाची. पर नवी किल्ली गाडीला वळखीची करावी लागती. आत चिप आसती. चिप वळखीची न्हाई तर किल्ली फिरंल, पर गाडी सुरू व्हणार न्हाई."

"ती ओळख कोण करून देतं?"

"मशीन लागतं, ती माझ्याकडं न्हाई. पर तुमच्या गाडीचं बरं हाय. दोन वळखीच्या किल्ल्या आसल्या की तिसरी घरीच करता येती. गाडीच्या पुस्तकात लिवलंय."

"दोन नाहीत ना चाचा. एकच राहिली."

"दुसरीची चिप? काळी, बारीक, तुरीच्या डाळीएवढी. फ्येकली तर न्हाई?"

दसऱ्याची पूजा, हळदकुंकू लागलेली वस्तू. ती निर्माल्यात गेली असणार आणि आबांनी निर्माल्य केव्हाच घोडनदीत सोडलं असणार. मी चाचांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "आईला इचारा आधी. नदीला मागनं इचारा." आणि माझ्या फोनमधल्या आबांच्या किल्लीच्या फोटोवरून मला नवी किल्ली काढून दिली. पातं कापायला जुनं पातं लागणार होतं आणि आबांची किल्ली मी मागितलीच नव्हती. म्हणजे आईच्या किल्लीचे तुकडे चिपसकट सापडले तर मला पुन्हा यायचं होतं, नाही तर यायची गरजच नव्हती.

घरी आल्या आल्या आईला विचारलं. ती आत गेली आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात वाढलेल्या बांगड्या होत्या, हिरव्या काचेचे तुकडे, किती वर्षांचे कोण जाणे.

"उकिरड्यावर टाकलं की गुरांच्या पोटात जात्यात," ती म्हणाली. "म्हणून मी हितं टाकती. ती बी त्यातच हाय."

डबा परातीत पालथा केला. काचांमध्ये किल्लीचं पातं होतं, शाबूत. फुटलेलं काळं प्लास्टिक होतं, बटणांची पट्टी मधोमध दुभंगलेली. आणि हळदीनं पिवळा झालेला एक चौकोनी काळा खडा होता, खरोखर तुरीच्या डाळीएवढा. मी तो चिमटीत धरून उन्हात बघितला. त्याला साधा ओरखडासुद्धा नव्हता. आई म्हणाली, "एवढ्याशासाठी गाडी अडती व्हय?"

त्याच दुपारी चाचांनी पातं कापून दिलं. संध्याकाळ व्हायच्या आत मी गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं. उदबत्तीच्या पुड्याखाली आणि इन्शुरन्सच्या कागदांखाली ते नव्यासारखं पडलं होतं. घरात ते इंग्रजी पुस्तक उघडणारी मी पहिलीच. त्यात लिहिलं होतं ते असं की, ओळखीची पहिली किल्ली घालून चालू करा, बंद करा, काढा. दहा सेकंदांच्या आत ओळखीची दुसरी घाला, तसंच करा. पुढच्या दहा सेकंदांत नवी घाला. समोरचा दिवा स्थिर लागला तर झालं. फडफडला तर पहिल्यापासून.

दुसरी किल्ली म्हणजे आमच्याकडे नुसतं पातं होतं, मूठ नाही. चिप मी पात्याला चिकटपट्टीनं बांधली आणि पात्याचा बुडखा आबांच्या हत्यारांतल्या पकडीत धरायचं ठरवलं. राहिली पहिली. ती आबांच्या खिशात होती.

मी काही बोलायच्या आत आई ओट्यापाशी गेली. "अहो, तुमची किल्ली द्या," ती म्हणाली. दौंडला जायचं होतं, असं नाही म्हणाली. आबांनी तिच्याकडे बघितलं, बंडीत हात घातला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग मात्र ते ओट्यावर बसून राहिले नाहीत. गाडीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

आई स्टिअरिंगपुढे बसली, मी तिच्या खिडकीशी. पहिल्या वेळी तिनं आबांची किल्ली छान फिरवली आणि काढली. मी पकडीत पातं धरून भोकात घातलं, पण फिरवायला गेले की पकड सटकायची. दोनदा सटकली. दिवा फडफडायला लागला. पुन्हा पहिल्यापासून केलं, पुन्हा तेच. माझे हात मीटरच्या सुया धरणारे, त्यांना तेवढा जोर कुठला. तिसऱ्या वेळी मी जे काही पुटपुटले ते सणासुदीचं नव्हतं.

"सर बाजूला," आबा म्हणाले. "तुमच्यानं न्हाई व्हायाचं ती. आन ती पकड."

मी सरकले. आबा खिडकीशी वाकले. पंपाच्या मोटारी खोलून त्यांच्या पंजाला जी पकड आली आहे ती आमच्या घरात दुसऱ्या कुणाला नाही. आईनं पहिली किल्ली फिरवली, काढली. आबांचा हात आत गेला. पातं बसलं, वळलं, परत आलं, बाहेर निघालं. मी मोठ्यानं आकडे मोजत होते आणि सहावर पोचले होते. आईनं नवी किल्ली घातली.

समोरचा दिवा लागला आणि स्थिर राहिला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आईनं नव्या किल्लीचं बटण दाबलं. चारही दारं खाडकन लागली आणि आबांचा हात खिडकीत असल्यामुळे ते दचकले.

"चला," मी म्हटलं, "आता खरी किल्ली वाढली!"

"ये!" आबा ओरडले. "सणाचं आभद्र बोलू नको!"

आई स्टिअरिंगवर डोकं टेकवून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांना काय चुकलं ते कळायला थोडा वेळ लागला. मग तेही हसले, पकड हातात तशीच.

रात्री जेवून उठल्यावर आबा हात धुताना आईला एवढंच म्हणाले, "ट्रेलर दिसला की त्याच्या मागं ऱ्हायाचं न्हाई. एक तर पुढं काढायची, न्हाई तर थांबायचं. चहा प्यायचा." आई म्हणाली, "व्हय." मी म्हणाले, हे तीन गुरुवारांआधी सांगायला काय झालं होतं? विचारलं खरं, पण त्या तीन गुरुवारांत माझाही वाटा होता.

दिवाळी सरली आणि गुरुवार आला. आईनं भाकरी केली, डब्यात शंकरपाळ्या भरल्या. एका पिशवीत खोबरेल तेलाची बाटली आणि दोन कंगवे घातले, एक मोठ्या दातांचा, गुंता सोडवायला. सुनेला तिनं आदल्या दिवशीच फोन केला होता की मी येते, तोवर कात्री बाहेर काढू नकोस. नवी किल्ली तिनं कमरेच्या पिशवीतून काढली. तिच्यावर हळदीचं एक बोट दिसत होतं. कधी लावलं होतं, कोण जाणे.

मी दारात उभी होते. आबा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते.

आईनं पायरीवर चपला घातल्या, पदर खोचला आणि वळून म्हणाली, "येते हो."

आबांनी पेपर खाली ठेवला. पाहुणे निघाले की त्यांना सोडायला उठतात तसे ते उठून उभे राहिले.

"या," ते म्हणाले.